थेंबभर विजेचे गणित

कणकवली तालुक्यातील नांदगावला समुद्र नाही. देवगडकडून येणारा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो, तो येथील तिठ्यावर. तरीही समुद्रावर काय घडले याची वार्ता या तिठ्याला लवकर लागते. मासळीचे टेम्पो यायचे थांबले, की चहाच्या टपरीवर कोणी कारण विचारत नाही. डिसेंबर २०१७ च्या आरंभी ‘ओखी’ चक्रीवादळाने अरबी समुद्र ढवळून काढला. त्या वेळी केरळ आणि तामिळनाडूच्या ६८ बोटी, त्यांवरील ९५२ मच्छीमारांसह, सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी ही संख्या जाहीर केली, तेव्हा दूर केरळात कित्येक घरांतील चुली पुन्हा पेटल्या असतील. ज्यांच्या बोटी कोठेच लागल्या नाहीत, त्यांच्या घरच्यांची तक्रार एकच होती : सूचना वेळेवर पोहोचली नाही. ती पोहोचणार तरी कशी? मोबाइलची हाक किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरपर्यंत जाते. खोल समुद्रात गेलेल्या माणसाला ती ऐकू येत नाही.

पुढे मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला घासून गेले. विजेचे खांब आडवे झाले आणि जिल्ह्यातील अनेक गावे काही दिवस अंधारात राहिली. त्या दिवसांत मोबाइलच्या बॅटरीतील शेवटची रेघ म्हणजे काय, हे घराघरांतून कळले. मुंबईतील मुलाला ‘आम्ही बरे आहोत’ एवढा निरोप देण्यापुरती तरी ती टिकावी, म्हणून यंत्र बंद करून ठेवायचे आणि संध्याकाळी क्षणभर चालू करायचे.

या दोन्ही प्रसंगांचा गणिताच्या एका जुन्या युक्तीशी जवळचा संबंध आहे, असे म्हटले तर ते चमत्कारिक वाटेल. तरी तो आहे. ती युक्ती म्हणजे वेगवान फूरिये रूपांतर, अभियंत्यांच्या बोलीत ‘एफएफटी’. मोबाइल, उपग्रहाचा ग्राहक, हवामानाचे डॉप्लर रडार, इस्पितळातील एमआरआय, आजोबांच्या कानातील श्रवणयंत्र, या सर्वांत ती अहोरात्र राबत असते. ती किती थोड्या विजेत राबते, यावर यंत्राची उपयुक्तता ठरते. आणि ही काटकसर साधणारी चिप कोण घडवतो, हा प्रश्न राष्ट्राच्या स्वावलंबनाशी जाऊन भिडतो.

दशावतारी नाटकात पेटी, पखवाज आणि झांज एकाच वेळी वाजत असतात. प्रेक्षकाच्या कानावर येऊन आदळते ती हवेची एकच लहर, सर्व वाद्यांची मिसळ झालेली. पण कान त्या मिसळीतून पेटीचा सूर वेगळा काढतो, झांजेची किणकिण वेगळी काढतो. कोणतीही गुंतागुंतीची लहर अशी साध्या लहरींची बेरीज म्हणून मांडता येते, हे फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये याने उष्णतेच्या वहनाचा अभ्यास करताना मांडले. त्याचा ग्रंथ १८२२ मध्ये प्रसिद्ध झाला. लहर दिली असता तिच्यातील कोणती वारंवारता किती प्रमाणात आहे, हे काढणे म्हणजे फूरिये रूपांतर.

अडचण होती ती कष्टांची. लहरीची १,०२४ मापे घेतली आणि सरळ पद्धतीने हिशेब मांडला, तर दहा लाखांहून अधिक गुणाकार करावे लागतात. १९६५ मध्ये जेम्स कूली आणि जॉन ट्युकी या अमेरिकी गणितज्ञांनी दाखवले, की मापांची सम आणि विषम अशी दोन गटांत विभागणी करीत गेले, आणि त्या गटांचीही पुन्हा तशीच विभागणी केली, तर तेच उत्तर ५,१२० गुणाकारांत मिळते. म्हणजे काम सुमारे दोनशे पटींनी घटले. त्यांना या कामाकडे वळवणाऱ्या रिचर्ड गार्विन यांच्या मनात निराळाच हेतू होता : सोव्हिएत रशियाच्या भूमिगत अणुचाचण्या भूकंपमापकांच्या नोंदींवरून ओळखायच्या होत्या. नंतर असे उघडकीस आले, की हीच युक्ती कार्ल फ्रीडरिश गॉस याने १८०५ च्या सुमारास लघुग्रहांच्या कक्षा मांडताना वापरली होती. पण त्याने ती लॅटिनमध्ये लिहून बाजूला ठेवली आणि त्याच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये ती छापली गेली. थोरांच्या ट्रंकांत काय काय पडून असते, कोण जाणे!

काम दोनशे पटींनी घटले, मग प्रश्न उरला कोठे? तो उरला, कारण आपली भूक त्याहून वेगाने वाढली. पूर्ण रुंदीच्या फोर-जी वाहिनीवर मोबाइलला २,०४८ मापांचे रूपांतर एका सेकंदात चौदा हजार वेळा करावे लागते. केवळ एका अँटेनापुरता हिशेब केला, तरी सेकंदाला पंधरा कोटींहून अधिक गुणाकार होतात. ज्या यंत्राने खिशात राहायचे आणि तळहाताला चटका लागू द्यायचा नाही, त्याला हे साधायचे तर प्रत्येक गुणाकाराची वीज मोजूनच द्यावी लागते.

येथे गणिती थांबतो आणि चिपचा रचनाकार पुढे येतो. गणिती गुणाकार मोजतो; रचनाकाराला ठाऊक असते, की वीज गुणाकारापेक्षा ने-आणीत अधिक जाते. कोकणातील गृहिणीला हे समजावून सांगावे लागणार नाही. भात शिजवायला लागणाऱ्या श्रमांपेक्षा उतारावरच्या विहिरीतून पाणी चढवून आणण्याचे श्रम अधिक असतात. म्हणून शहाणी बाई एकाच खेपेत दोन कळशा आणते आणि तेच पाणी दोन कामांना वापरते. चिपमध्येही मधली उत्तरे स्मृतिकोशात ठेवणे आणि परत आणणे हेच खर्चिक काम असते. म्हणून उत्तम रचना मापांना रांगेत उभे करते. प्रत्येक टप्प्याजवळ छोटासा साठा ठेवते. एका टप्प्याचे उत्तर थेट पुढच्या टप्प्याच्या हाती पडते आणि मोठ्या स्मृतिकोशापर्यंत हेलपाटा घालावा लागत नाही. मापांचे गट दोनाऐवजी चारांचे केले की गुणाकारच आणखी घटतात. त्यांपैकी काही तर केवळ चिन्ह बदलून किंवा जागांची अदलाबदल करून उरकता येतात, तेथे गुणाकाराचे मंडळ लागतच नाही.

दुसरी काटकसर अंकांच्या लांबीची. बारा द्विमान अंकांनी भागत असेल तेथे बत्तीस बाळगणे म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात जायला एसटी भाड्याने घेण्यासारखे आहे. पण अंक फार कापले तर क्षीण संकेत चुकांच्या गदारोळात बुडून जातो. कोठे कापायचे आणि कोठे हात आवरायचा, याचा विवेक यंत्राकडे नसतो, तो रचनाकाराकडे असावा लागतो. तिसरी काटकसर पाटाच्या पाण्याची : ज्या वाफ्याला पाणी द्यायचे नाही त्याचे तोंड मातीने बंद करायचे. चिपमधील जो भाग या क्षणी काम करीत नाही, त्याच्याकडे जाणारा घड्याळाचा ठोकाच थांबवून ठेवायचा.

सर्वांत मोठी बचत मात्र विद्युतदाब उतरवण्यात आहे. चिपला दिलेला दाब निम्मा केला, तर प्रत्येक क्रियेची वीज निम्मी होत नाही, ती पावपट होते. मोल द्यावे लागते ते वेगाचे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ॲलिस वांग आणि मूळचे चेन्नईचे अनंत चंद्रकासन यांनी या मार्गाचे टोक गाठले. २००५ च्या जानेवारीत त्यांनी प्रसिद्ध केलेली एफएफटीची चिप ०.१८ मायक्रॉनच्या तंत्रावर घडवलेली होती. या तंत्रात १.८ व्होल्ट हा नेहमीचा दाब. त्यांची चिप ०.१८ व्होल्टवरही, म्हणजे त्याच्या एकदशांशावरही, चालत राहिली. मात्र सर्वांत कमी वीज लागली ती याहून थोडी वर, ०.३५ व्होल्टवर. दाब याहून खाली नेला की काम इतके रेंगाळते, की त्या रेंगाळण्यातच गळणारी वीज बचत खाऊन टाकते. काटकसरीलाही तळ असतो, आणि तो मोजून काढावा लागतो, हे या प्रयोगाचे खरे फलित.

या प्रयोगातील ०.१८ मायक्रॉन हा आकडा भारतीय वाचकाने लक्षात ठेवावा. मोहालीच्या आपल्या सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत हेच तंत्र आहे. तिला १८० नॅनोमीटर म्हणतात इतकेच. या प्रयोगशाळेचे दुर्दैव असे, की १९८४ मध्ये उत्पादन सुरू करून जगाच्या फार मागे नसलेला हा कारखाना फेब्रुवारी १९८९ च्या आगीत भस्मसात झाला आणि पुन्हा उभा राहीपर्यंत जग कोठल्या कोठे निघून गेले. आज जगातील अग्रगण्य मोबाइलच्या चिपा तीन नॅनोमीटरवर घडतात. त्या तुलनेत १८० म्हणताच आपल्याकडील शिकलेली मंडळी नाक मुरडतात. पण ज्या मंडळाला सेकंदाला कोट्यवधी नव्हे, तर काही शेकडा रूपांतरे करायची आहेत, त्याला तीन नॅनोमीटरची गरज काय? श्रवणयंत्राला नाही, शेतातील आर्द्रतामापकाला नाही आणि बोटीवरील सूचनाग्राहकालाही नाही. अशा ठिकाणी जुन्या भट्टीतून निघालेली, पण विचारपूर्वक आखलेली चिप उत्तम काम देते. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांना सादर झालेला ‘विक्रम’ हा ३२ बिटांचा अंतराळ-प्रक्रियक मोहालीच्याच १८० नॅनोमीटर तंत्रावर घडलेला आहे.

या गणिताची भूक किती मोठी असू शकते आणि ती भागवताना परावलंबन कोठे कोठे आडवे येते, हे पाहायचे असेल तर जुन्नर तालुक्यातील खोडदला जावे. पुण्याच्या उत्तरेला सुमारे ऐंशी किलोमीटरवर प्रा. गोविंद स्वरूप यांच्या प्रतिभेतून उभी राहिलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण तेथे आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांपैकी चौदा मध्यभागी आणि सोळा तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी दोरखंडांवर ताणून तबकडी करण्याची स्वरूप यांची कल्पना, म्हणजे गरीब देशाने काटकसरीतून काढलेला राजमार्ग होता. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका लागतो. परदेशी खर्चाच्या अंशभरात जागतिक दर्जाची दुर्बीण उभी राहिली आणि २००२ पासून ती जगातील खगोलशास्त्रज्ञांना खुली झाली.

तीसही तबकड्यांचे संकेत प्रकाशतंतूंतून एका इमारतीत येतात. तेथे प्रत्येक संकेताचे एफएफटीने वारंवारतांत विघटन होते आणि मग प्रत्येक तबकडीचा दुसऱ्या प्रत्येक तबकडीशी मेळ घातला जातो. अशा जोड्या होतात ४३५. तबकडी आपली, तारांची जाळी आपली, मंडळांची आखणी आपल्या अभियंत्यांची. आरंभीच्या यंत्रणेत हे रूपांतर करणारी चिप मात्र अमेरिकेतील एका दुर्बीणजाळ्यासाठी आखलेली होती. तेव्हा दुसरा उपाय नव्हता. २०१० च्या सुमारास ते काम सर्वसाधारण संगणकांच्या ताफ्यावर, आज्ञावलीच्या बळावर होऊ लागले. लवचीकता आली, ३२ मेगाहर्ट्झची रुंदी हाताळता आली. २०१७ मध्ये वर्णन प्रसिद्ध झालेल्या नव्या रूपात ही रुंदी ४०० मेगाहर्ट्झवर गेली. तीस तबकड्यांचे साठ संकेत, प्रत्येकाची सेकंदाला ऐंशी कोटी मापे, एकूण चार हजार आठशे कोटी! हा भार आता पुनर्रचनाक्षम चिपा आणि चित्रप्रक्रियक वाहतात. त्यांना चालवायला वीज लागते, आणि तापलेल्या यंत्रांना थंड ठेवायला पुन्हा वीज लागते. त्या प्रक्रियकांवरचा शिक्का परदेशी आहे. २०२३ च्या जूनमध्ये विश्वातील अतिमंद गुरुत्वीय लहरींचे संकेत जाहीर झाले, त्यात याच दुर्बिणीच्या निरीक्षणांचा वाटा होता. पुण्याच्या शास्त्रज्ञांच्या कर्तृत्वाला यातून उणेपणा येत नाही. उलट, इतकी बुद्धी आणि इतका अनुभव ज्या देशात आहे, त्याने रूपांतराची चिप अजून बाहेरून का आणावी, हा प्रश्न अधिक टोचतो.

आता पुन्हा समुद्राकडे. ‘ओखी’नंतर शासन स्वस्थ बसले नाही, हे मान्य केले पाहिजे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राने आणि विमानतळ प्राधिकरणाने ‘जेमिनी’ हे उपकरण पुढे आणले. ‘गगन’ उपग्रहप्रणालीतून वादळाची सूचना आणि मासळीच्या ठिकाणांची माहिती खोल समुद्रातील बोटीला त्याद्वारे मिळू लागली. त्यात उणीव एवढीच, की ते ऐकते, पण बोलत नाही. पुढे इस्रोच्या तंत्रावर बोलणारे उपकरणही सिद्ध झाले आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांनी एक लाख बोटींवर ते बसवण्याच्या योजनेचा आरंभ केला. महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावरून हा आरंभ व्हावा, हे समाधानाचे आहे.

लहान बोटीवरच्या बॅटरीवर आधीच दिव्यांचा आणि मासे शोधणाऱ्या यंत्राचा बोजा असतो. तीन-चार दिवसांच्या फेरीत इंजिन बिघडले, तर सगळी मदार त्या बॅटरीवर. उपग्रहाचा संकेत बोटीपर्यंत येतो तेव्हा तो इतका क्षीण झालेला असतो, की आसपासच्या खरखरीत तो पूर्ण बुडालेला असतो. तो हुडकण्यासाठी ग्राहक उपग्रहाचा १,०२३ खुणांचा ठरीव संकेतक्रम आपल्याजवळ ठेवतो आणि आलेल्या खरखरीशी तो पुढेमागे सरकवून जुळवून पाहतो. एकेक जागा तपासत बसले तर वेळ जातो आणि वीजही जाते. एफएफटी वापरली तर सगळ्या जागा एकाच फटक्यात तपासून होतात. बंद ठेवलेले यंत्र चालू केल्यावर त्याला ठिकाण लवकर सापडते, त्याचे रहस्य हे आहे. वादळात भरकटलेल्या माणसाने बॅटरी वाचवण्यासाठी यंत्र बंद करून तासाने पुन्हा चालू केले, तर प्रत्येक वेळी ही शोधाशोध नव्याने होते. त्या शोधाला किती वीज लागते, यावर तो आणखी किती वेळा हाक मारू शकेल, हे ठरते.

आपल्या ‘नाविक’ प्रणालीविषयीही एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. २०१६ मध्ये सात उपग्रहांसह ती पूर्ण झाली. नंतर अनेक उपग्रहांवरील आयात केलेली अणुघड्याळे बिघडली. २०२३ च्या मे महिन्यात स्वदेशी घड्याळ घेऊन गेलेला नवा उपग्रह यशस्वी ठरला. जानेवारी २०२५ मध्ये पाठवलेला त्याचा भाऊ मात्र नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. घड्याळ आयात केले की काय होते, याचा धडा एकदा मिळाला आहे. चिपच्या बाबतीत तो दुसऱ्यांदा घेण्याची आवश्यकता नाही.

पवईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अजित’ हा प्रक्रियक घडवला आणि २०१९ मध्ये तो लोकांपुढे आला. त्याचे पहिले रूप मोहालीच्याच १८० नॅनोमीटरवर उतरले. ‘समीर’ या सरकारी संशोधनसंस्थेने ‘नाविक’च्या ग्राहकांत तो वापरण्याचा मानस व्यक्त केला होता. हीच दिशा योग्य आहे. परंतु सर्वकामी प्रक्रियकाकडून एफएफटी करून घेणे म्हणजे मुनिमाकडून लाकडे फोडून घेणे होय. प्रत्येक घावासाठी त्याला वही उघडून आज्ञा वाचावी लागते आणि बरीचशी वीज त्या वाचनातच खर्च होते. अशा प्रक्रियकाच्या शेजारी एफएफटीचे एक स्वतंत्र, अल्पवीज मंडळ असले की मुनीम हिशेबाला मोकळा राहतो. असे एखादे मंडळ कसून तपासून, कारखान्यात उतरवून, देशातील कोणाही उद्योजकाला वापरता येईल अशा रीतीने खुले ठेवणे हे फार मोठ्या भांडवलाचे काम नाही. ते चिकाटीचे काम आहे.

शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. मार्च २०२४ मध्ये गुजरातेतील धोलेरा येथे टाटा समूहाच्या ९१ हजार कोटी रुपयांच्या कारखान्याचा पायाही घातला गेला. कारखाना उभा राहील आणि तो उभा राहिलाच पाहिजे. मात्र दुसऱ्याने आखलेल्या चिपा आपल्या भट्टीत भाजून देणे म्हणजे दुसऱ्याच्या पिठाच्या भाकऱ्या थापणे. आखणीसाठी माणसे तयार करावी, म्हणून पाच वर्षांत ८५ हजार अभियंते घडवण्याची योजना शासनाने आखली आहे. तिची झळ, म्हणजे चांगल्या अर्थाने झळ, कोकणातील अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत पोहोचली पाहिजे.

येथे दोष केवळ शासनाचा नाही. नांदगाव, कणकवली, सावंतवाडीकडील मध्यमवर्गीय घरांत मुलाने इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली, की चौथ्या वर्षी वडील विचारतात, ‘पुण्यात आयटीत लागेल ना?’ ही चिंता समजण्यासारखी आहे. मुंबईच्या गिरणीने किंवा गोदीने ज्या घराला पोसले, त्या घराला खात्रीचा पगार हवा असतो. पण मग मंडळ आखण्याची, ते फसल्यावर पुन्हा आखण्याची तीन-चार वर्षांची उमेदवारी करायची कोणी? एफएफटीचे मंडळ पुनर्रचनाक्षम चिपेवर उतरवून पाहण्याचा फलक आज काही हजार रुपयांत मिळतो. अंतिम वर्षाचे ‘प्रोजेक्ट’ पुण्या-मुंबईच्या दुकानातून तयार विकत आणणाऱ्या विद्यार्थ्याला तेवढेच पैसे पडतात. प्राध्यापकांनी एक अट घातली, की मंडळ चालते एवढे दाखवून भागणार नाही, एका रूपांतराला किती वीज लागली ते मोजून लिहा, तर विकत आणलेली प्रतिकृती तेथेच उघडी पडेल.

शासनाच्या हाती तर याहून सोपा उपाय आहे. एक लाख उपकरणांची खरेदी हा एक लाखाचा बाजार आहे, आणि बाजार ज्याच्या हाती असतो त्याची अट पाळली जाते. पुढील टप्प्याच्या निविदेत दोन ओळी वाढवाव्यात : संकेत प्रथम हुडकण्यास लागणाऱ्या विजेची कमाल मर्यादा, आणि त्या कामाचे मंडळ भारतात आखलेले असल्यास किमतीत स्पष्ट झुकते माप. उपकरण स्वीकारण्यापूर्वी त्याची चाचणी वातानुकूलित खोलीत घेऊ नये. देवगड किंवा मालवणच्या बंदरातून निघालेल्या लहान बोटीवर, अर्ध्या उतरलेल्या बॅटरीवर, जुलैअखेरच्या खवळलेल्या समुद्रात ती घ्यावी आणि यंत्र किती वेळा बंद-चालू झाले, त्याची नोंद त्या बोटीच्या तांडेलाने करावी.